परसातली बदकं: जात निवडण्यापासून पिल्लांतले नर-मादी ओळखण्यापर्यंत

जात निवडणं आणि पिल्लांतले नर-मादी ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत असं नवख्या माणसाला वाटतं. जात आधी, फोटो पाहून. नर-मादी नंतर, जमेल तसं. प्रत्यक्षात ही दोन्ही कामं एकमेकांत अडकलेली आहेत. काही जातींची पिल्लं दोन दिवसांची असतानाच नर कोण आणि मादी कोण ते बऱ्यापैकी सांगून जातात. काही जाती दीड-दोन महिने ताकास तूर लागू देत नाहीत. आणि कळपात नरांची संख्या चुकली तर त्याची शिक्षा माद्या भोगतात. मानेवरची पिसं उपटली जाणं, लंगडणं, पाण्यात उतरायला घाबरणं हे सगळं बहुतेक वेळा नर जास्त झाल्यामुळे होतं.

म्हणून माझा आग्रह असा, की जात ठरवतानाच तीन प्रश्न विचारा: या जातीत नर-मादी मला केव्हा कळणार, कशावरून कळणार, आणि जास्तीचे नर निघाले तर मी त्यांचं काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पिल्लं आणायची घाई करू नका.

पायरी १: बदकं कशासाठी हवीत ते ठरवा

अंडी, मांस, बागेतल्या गोगलगायी आणि किड्यांचा बंदोबस्त, की नुसती सोबत? सगळंच थोडं थोडं हवं असतं हे खरं, पण पहिलं कारण एकच असू द्या. अंड्यांसाठी घडवलेली जात अंगाने हलकी आणि चपळ असते, मांसाची जात जड आणि संथ. दोन्ही गुण पूर्णपणे एकाच पक्ष्यात मिळत नाहीत.

त्यानंतर शेजाऱ्यांचा विचार करा. बदकांत गोंगाट करते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो, दहा पावलांवर ऐकू येईल न येईल इतका. मादी मात्र खाद्याची वेळ झाली, कुत्रं दिसलं, सोबतीण नजरेआड झाली की मोठ्याने ओरडते. घरं भिंतीला भिंत लागून असतील तर हा मुद्दा अंड्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा ठरतो. राहत्या भागात पक्षी पाळण्याबाबत काही नियम असतील तर तेही याच टप्प्यावर पाहून घ्या.

तळं नाही म्हणून बिचकू नका. चोच आणि डोळे पूर्ण बुडतील इतकं खोल पाणी प्यायला आणि अंग ओलं करता येईल असं एखादं टब, एवढ्यावर बहुतेक जाती सुखाने राहतात. मात्र ते पाणी रोज बदलावं लागतं, कारण बदकं ते तासाभरात गढूळ करतात. रात्रीच्या खोलीत प्रत्येकी साधारण ४ चौरस फूट जागा धरा आणि दिवसा हिंडायला त्याच्या कितीतरी पट.

पायरी २: जाती समजून घ्या

सगळ्या पाळीव बदकांची मुळं दोनच. एक म्हणजे मॅलार्ड हे रानबदक. पेकिन, कॅम्पबेल, रनर, रूऑं या सगळ्या जाती त्याच्यापासून आल्या. दुसरं मस्कव्ही, मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. मस्कव्ही दिसायला बदक असलं तरी प्रजात वेगळी आहे. मस्कव्ही आणि दुसऱ्या घराण्यातल्या बदकांचा संकर होतो, पण त्यांची पिल्लं वांझ निघतात. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण नर-मादी ओळखण्याच्या खुणाही या दोन घराण्यांत वेगवेगळ्या आहेत.

खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी सर्वांत भरवशाची जात. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी १९०० च्या सुमारास रनर, रूऑं आणि मॅलार्ड यांच्या संकरातून ती तयार केली. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. चांगल्या वाणाची मादी वर्षाला २५० ते ३०० अंडी देते, म्हणजे अनेक कोंबड्यांच्या तोडीस तोड किंवा वरचढ. पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. स्वभाव मात्र जरा बुजरा. हातात घेऊन कुरवाळायला बदक हवं असेल तर ही जात तुमचा हिरमोड करील. फक्त अंडी हवी असतील तर मी नवख्या माणसाला पहिलं नाव हेच सांगतो.

इंडियन रनर हे नाव फसवं आहे, ही जात आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवरून आली. उभी, बाटलीसारखी अंगकाठी आणि फेंगडं न चालता सरळ पळणं ही तिची ओळख. वर्षाला दीडशे-दोनशे अंडी सहज, चांगल्या वाणात त्याहून जास्त. दिवसभर हिंडून किडे आणि गोगलगायी वेचण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. उडत नाही, त्यामुळे कमी उंचीच्या कुंपणानेही भागतं. पण घाबरली की अख्खा कळप एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर चढतो, त्यामुळे अरुंद आणि गजबजलेल्या जागेसाठी ती योग्य नाही.

वेल्श हार्लेक्विनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत सोयीची आहे. १९४९ मध्ये लेस्ली बॉनेट यांच्या खाकी कॅम्पबेलांच्या कळपात दोन फिक्या रंगाची पिल्लं निघाली आणि त्यांच्यापासून ही जात उभी राहिली. कॅम्पबेलची अंडी देण्याची ताकद जवळपास टिकून आहे, स्वभाव मात्र बराच शांत. आणि मुख्य गोष्ट अशी, की पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लाच्या चोचीवरून नर-मादी ओळखता येते. ती खूण कशी वाचायची ते पुढे येईलच.

पेकिन म्हणजे चित्रांतलं पांढरं बदक. मूळ चीनचं, १८७३ मध्ये अमेरिकेत पोचलं आणि मांसासाठी जगभर पसरलं. सात-आठ आठवड्यांत तीन किलोच्या वर जातं. अंडीही वाईट नाहीत, दीडशेच्या आसपास किंवा थोडी जास्त. माणसाळतं लवकर. पण माद्यांचा आवाज मोठा आणि वजनामुळे पाय नाजूक. उंच उंबरा, उतरायची पायरी, खडबडीत काँक्रीट यांनी पेकिन लंगडं होतं. नर-मादी ओळखण्यासाठी ही जात अवघड, कारण पिल्लं सगळी पिवळी, मोठी झाली की सगळी पांढरी, आणि चोच दोघांचीही नारिंगी.

रूऑं, एल्सबरी, सिल्व्हर ॲपलयार्ड या जड जातींतली पहिली दोन मांसाच्या आणि प्रदर्शनाच्या. ॲपलयार्ड मात्र अंडी आणि मांस दोन्हीला चांगली. कायुगा ही काळी, उन्हात हिरवी झाक मारणारी, शांत आणि देखणी जात. हंगामाच्या सुरुवातीला तिच्या अंड्यांचं कवच काळपट असतं, पुढे ते फिकं होत जातं.

मस्कव्ही हा शांततेचा पर्याय. नर फुसफुसतो, मादी बारीक कूजन करते, कर्कश ओरडणं नाहीच. वर्षाला साधारण ६० ते १२० अंडी, पण मादी खुडूक बसण्यात पटाईत आणि पिल्लं सांभाळण्यात त्याहून. परसातच पुढची पिढी उबवायची असेल तर मस्कव्ही घ्या. कॅम्पबेल, रनर आणि पेकिन क्वचितच खुडूक बसतात. त्यांची अंडी उबवणी यंत्रात किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. इतर बदकांची अंडी २८ दिवसांत फुटतात, मस्कव्हीची ३५ दिवस घेतात. मस्कव्हीच्या माद्या उत्तम उडतात आणि सगळ्यांनाच धारदार नखं असतात, हे पकडायला जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

दोन प्रकार सुरुवातीला टाळा. कॉल डक नावाची छोटी बदकं गोंडस दिसतात, पण त्यांच्या माद्यांचा आवाज सर्वांत तीक्ष्ण असतो आणि पिल्लं अंड्यातून सुखरूप बाहेर काढणंही नाजूक काम आहे. दुसरा प्रकार डोक्यावर तुरा असलेल्या बदकांचा. तुऱ्याचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं. तुरेवाल्या जोडीची सुमारे चतुर्थांश पिल्लं अशीच जातात. जगलेल्यांतही कवटीचे आणि तोल जाण्याचे दोष आढळतात. मला हा छंद पक्ष्यांच्या जिवावर उठलेला वाटतो.

पायरी ३: किती बदकं, त्यांत किती नर

एकटं बदक कधीच पाळू नका. ते खचतं, खाणं सोडतं. निदान तीन ठेवा.

अंडी मिळायला नराची गरज नाही. मादी नराशिवायही तितकीच अंडी देते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. त्यामुळे नुसती अंडी हवी असतील तर नर नसलेला कळप सर्वांत निवांत. पिल्लं हवी असतील तर एका नरामागे चार ते सहा माद्या धरा. हलक्या जातींचे नर जास्त धसमुसळे असतात, तिथे सहाकडे झुका. जड जातींत तीन-चारही चालतात. दोन नर ठेवायचे तर माद्या आठ-दहा हव्यात.

बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. कोंबड्याला शिश्न नसतं, नर बदकाला असतं. माद्या कमी पडल्या की नर बदक कोंबड्यांवर चढतं, आणि त्यात कोंबडीला आतून जीवघेणी इजा होऊ शकते.

पायरी ४: पिल्लं घेताना

पिल्लं दोन प्रकारे मिळतात: नर-मादी वेगळे केलेली, किंवा जशी निघाली तशी सरमिसळ. सरमिसळ पिल्लांत निम्मे नर धरून चाला, पण निम्मे म्हणजे नेमके निम्मे नव्हेत. तुम्हाला चार माद्या हव्यात आणि तुम्ही आठ पिल्लं आणलीत, तर निदान चार माद्या निघण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास. दहा आणली तर ती ८३ टक्क्यांवर जाते. पण दहा आणली म्हणजे चार, पाच, कधी सहा नरही घरी आले. पायरी ३ मधलं गणित आठवा आणि मग ठरवा.

वेगळी केलेली पिल्लं घेत असाल तर विक्रेत्याला विचारा: कोणत्या पद्धतीने ओळखली, किती दिवसांची असताना ओळखली, आणि मादी म्हणून दिलेलं पिल्लू नर निघालं तर परत घेणार का? पद्धत सांगता न येणाऱ्याच्या खात्रीवर विसंबू नका.

ज्यांच्याकडे जास्तीच्या नरांची सोय नाही आणि ज्यांना फक्त अंडी हवीत, त्यांनी पिल्लांऐवजी आठ-दहा आठवड्यांची तलंग बदकं घ्यावीत असं मी आवर्जून सांगेन. तोवर आवाज फुटलेला असतो. विक्रेत्याच्या समोर एकेक उचलून ऐकायचं आणि ओरडणारी तेवढी घ्यायची. लहानपण पाहायला मिळत नाही, पण नरांचा प्रश्नच उरत नाही.

पिल्लू घेताना डोळे चकचकीत, बेंबी बंद आणि कोरडी, पाय सरळ, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नाही, एवढं पाहा. पाठीवर पडलं की स्वतःहून पटकन उठतं ना, हेही.

पायरी ५: पहिल्या दोन-तीन दिवसांत काय कळू शकतं

तीन गोष्टींवरून कळू शकतं, त्यांतल्या दोन सोप्या आहेत.

पहिली वेल्श हार्लेक्विनची चोच. पिल्लं कोरडी झाल्यावर दिवसाच्या उजेडात दोन-तीन पिल्लं शेजारी धरा. नराची चोच सगळी काळपट, मळकट रंगाची असते. मादीची चोच फिकी, गुलाबीसर, आणि फक्त टोकाला गडद ठिपका. एकच पिल्लू हातात घेऊन ठरवू नका, तुलनेतच फरक दिसतो. काही दिवसांत चोची सारख्या दिसायला लागतात, तेव्हा पाहिलं की लगेच खूण करून ठेवा. ही पद्धत बरीच खात्रीची आहे, पण शंभर टक्के नाही.

दुसरी रंगाच्या जोडीची. बदकांत नराकडे एकाच प्रकारची दोन लिंगसूत्रं (लिंग ठरवणारी गुणसूत्रं) असतात आणि मादीकडे दोन वेगळी, म्हणजे माणसांच्या उलट. खाकी रंगाचं जनुक यांतल्या एका लिंगसूत्रावर बसलेलं आहे. त्यामुळे खाकी नर आणि मॅलार्ड रंगाची किंवा काळी मादी अशी जोडी लावली, तर मुली बापाचा तपकिरी रंग उचलतात आणि मुलगे गडद निघतात. लवीच्या रंगावरूनच पहिल्या दिवशी वाटणी होते. जोडी उलटी लावली, म्हणजे गडद नर आणि खाकी मादी, तर हा फायदा मिळत नाही. सगळी पिल्लं गडदच निघतात. स्वतः पिल्लं काढणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरावी.

तिसरी पद्धत गुदद्वार तपासण्याची, व्यावसायिक उबवणी केंद्रांत हीच चालते. पिल्लू एक-दोन दिवसांचं असताना पोट वर करून धरतात, शेपटी पाठीकडे वाकवतात आणि अंगठ्यांनी गुदद्वाराची कड हलकेच उलगडतात. नरात एक बारीक, पांढुरकं टोक बाहेर येतं. मादीत तसं काही नसतं. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकांत हे दिसायला स्पष्ट असतं, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. अडचण ते उलगडण्यात आहे. दाब जास्त झाला तर आतली नाजूक त्वचा फाटते, पिल्लू जन्माचं अधू होतं किंवा मरतं. दाब कमी पडला तर टोक बाहेरच येत नाही आणि नर असूनही मादी म्हणून नोंद होते. म्हणून या पद्धतीत ‘नर’ हा निकाल पक्का आणि ‘मादी’ हा निकाल थोडा कच्चा समजावा. वेगळी केलेली पिल्लं आणूनही एखादा नर निघतो, त्याचं एक कारण हेच. जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच्या हाताखाली शिकलात तरच हे करा. लेख वाचून किंवा व्हिडिओ पाहून करू नका. दोन-तीन दिवस उलटले की ते ठिकाण घट्ट होतं, मग तर हात लावूच नये.

अंड्याचा आकार, पिल्लावर दोऱ्याने अंगठी धरून ती कशी डोलते ते पाहणं, पायाला धरून उलटं केल्यावर पिल्लू कसं वळवळतं, या सगळ्या ऐकीव गोष्टी. पायाला धरून उचलणं तर घातकच, बदकाचे पाय तो भार पेलायला बनलेले नाहीत.

पायरी ६: आवाज फुटेपर्यंत वाढवा, आणि खुणा करून ठेवा

बहुतेकांना दीड-दोन महिने थांबावंच लागतं. या काळात पिल्लं नीट वाढली नाहीत तर पुढच्या खुणाही उशिरा दिसतात. पहिल्या आठवड्यात उबेच्या दिव्याखाली ३२ अंश सेल्सियस ठेवा आणि दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला पळून धापा टाकत असतील तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा यावर जास्त विश्वास ठेवा.

सुरुवातीच्या खाद्यात २० ते २२ टक्के प्रथिनं असावीत, तीन आठवड्यांनंतर ती कमी करावीत. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं तर गुडघे सुजतात, पाय वाकतात. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर त्यात ब्रूअर्स यीस्ट (नायसिन पुरवणारी यीस्टची पूड) मिसळा, आणि ते औषध मिसळलेलं नाही ना, ते पिशवीवर वाचा. खाद्यासोबत पाणी हवंच, नाकपुड्या बुडतील इतकं खोल, पण पिल्लू आत पडून बुडणार नाही असं. आई सोबत नसलेल्या पिल्लांची लव पाणी धरते. त्यांना पोहायला सोडून निघून जाऊ नका.

आता खुणा. पहिल्याच दिवसापासून प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाची कडी घाला आणि वहीत एकेक ओळ लिहा: लाल कडी, फिकी चोच, कदाचित मादी. हे केलं नाही तर सहाव्या आठवड्यात तेच पिल्लू दोनदा तपासाल आणि दुसरं राहूनच जाईल. मात्र बदकाचा पाय भराभर जाड होतो. आज सैल असलेली कडी आठवड्याभरात रुतू शकते. दर तीन-चार दिवसांनी कडी बोटाने फिरवून पाहा. फिरायला अडली की त्याच दिवशी मोठी घाला.

पायरी ७: आवाज ऐका

मॅलार्ड घराण्यातल्या सगळ्या जातींसाठी घरच्या घरी करता येण्यासारखी सर्वांत खात्रीची पद्धत ही. पेकिन असो, कायुगा असो, रंगाने काहीच कळू न देणाऱ्या जातीही आवाजापुढे उघड्या पडतात.

याचं कारण शरीरात आहे. नराच्या श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे आवाज तयार होतो तिथे, डाव्या बाजूला एक हाडाचा पोकळ फुगा असतो. मादीत तो नसतो. त्यामुळे मोठेपणी मादी खणखणीत ‘क्वॅक’ करते आणि नराच्या गळ्यातून घोगरी, कुजबुजल्यासारखी खरखर येते. लहानपणी मात्र दोघंही सारखंच चिवचिवतात.

हा बदल साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात होतो. हलक्या जातींत आणि माद्यांत आधी. कळपात उभं राहून ऐकून काही कळत नाही, एक ओरडली की सगळी ओरडतात. त्यासाठी असं करा. संध्याकाळी, पिल्लं शांत असताना, एकेक वेगळं उचला. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरा, एक तळहात पायांखाली ठेवा. कळपापासून काही पावलं दूर जा, बाकीची दिसणार नाहीत असं. बदकाला एकटं पडणं सोसत नाही, त्यामुळे ते निषेध करतंच. आता ऐका. आवाज फुटका, भरड, पण जोरदार आणि सुटा सुटा असेल तर मादी. पिल्लू चोच उघडतंय, गळा हलतोय, जोर लावतंय आणि बाहेर फक्त हवेची खरखर येते आहे, तर नर. अजून चिवचिवच असेल तर काहीच लिहू नका आणि आठवड्याने पुन्हा ऐका.

याच काळात काही नरांचा आवाज मध्येच फाटून मोठा निघतो आणि ऐकणारा फसतो. म्हणून एकदा ऐकून निकाल लावू नका. आठवड्याच्या अंतराने दोनदा सारखंच ऐकू आलं, तर वहीत पक्कं लिहा. गप्प राहिलेलं पिल्लू नर असेलच असंही नाही, ते नुसतं घाबरलेलं असू शकतं.

पायरी ८: चोच, पिसं आणि शेपटीची पडताळणी

मॅलार्डसारख्या रंगाच्या जातींत, म्हणजे रूऑं वगैरे, सहा-आठ आठवड्यांत चोचीचा रंग वेगळा होऊ लागतो. नराची हिरवट-पिवळी होते, मादीची नारिंगी-तपकिरी आणि वर गडद डाग. नराच्या डोक्यावरची हिरवी पिसं त्यानंतर येतात. खाकी कॅम्पबेलच्या नराचं डोकं ब्राँझसारखं गडद होतं.

तीन-चार महिन्यांच्या सुमारास नराच्या शेपटीवर मधली दोन-तीन पिसं वर आणि पुढे वळतात. ही कुरळी पिसं दिसली की शंका संपली. पण ती दिसली नाहीत म्हणजे मादी, असं मात्र नाही. उशिरा येतात, भांडणात उपटली जातात, पिसं झडण्याच्या काळात गळूनही पडतात. प्रजननाचा हंगाम संपल्यावर रंगीत नर काही महिने मादीसारखा मळकट दिसतो, तेव्हा नर हरवला की काय असं वाटून अनेकजण गोंधळतात. अशा वेळी पुन्हा आवाजाकडे आणि चोचीकडे वळा, ते बदलत नाहीत. म्हातारी किंवा अंडाशय निकामी झालेली मादी कधी कधी नराची पिसं, अगदी कुरळी शेपटीसुद्धा धारण करते. आवाज मात्र मादीचाच राहतो.

मस्कव्हीला यांतलं काहीच लागू नाही. क्वॅक नाही, कुरळी शेपटी नाही, रंगात फरक नाही. तिथे आकार पाहायचा. चार-सहा आठवड्यांत नराचं डोकं रुंद, पाय जाड आणि पंजे मोठे दिसू लागतात. पिसं मात्र माद्यांना आधी फुटतात. पूर्ण वाढ झाल्यावर नर मादीच्या जवळपास दुप्पट भरतो आणि त्याच्या तोंडावरच्या लाल गाठी जास्त मोठ्या असतात. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर दोन महिन्यांत चूक व्हायचं कारण नाही, फक्त एकाच वयाच्या पिल्लांची तुलना करा.

पायरी ९: जास्तीचे नर वेगळे करा

नरांना जोर चढायला चार-पाच महिने लागतात. त्याआधी वाटणी झालेली बरी. कळपात कोणता नर ठेवायचा हे ठरवताना सर्वांत देखणा किंवा सर्वांत मोठा निवडू नका. पाय सरळ असलेला, माद्यांना सारखा न पिडणारा, माणसाच्या अंगावर न धावणारा निवडा.

बाकीच्यांसाठी तीन मार्ग आहेत: दुसऱ्या कळपाला देणं, मांसासाठी ठेवणं, किंवा नुसत्या नरांचा वेगळा कळप करणं. हा तिसरा मार्ग लोकांना सुचत नाही, पण तो चांगला चालतो. मादी नजरेसमोर नसेल तर नर आपापसांत बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात, आवाज जवळजवळ नसतो आणि बागेतल्या गोगलगायी ते माद्यांइतक्याच आवडीने खातात. दोन कळपांमध्ये मात्र जाळी नको, आडोसा हवा. जाळीतून माद्या दिसत राहिल्या की नर दिवसभर कुंपणापाशी एकमेकांना बोचकारतात.

वाटणीनंतरही महिन्यातून एकदा प्रत्येक मादी हातात घेऊन मानेच्या मागची पिसं बाजूला करून पाहा. तिथे कातडी उघडी पडलेली किंवा खरचटलेली दिसली, तर पाचाला एक हे प्रमाणही तुमच्या नरासाठी जास्त आहे. त्याला काही आठवडे नरांच्या कळपात हलवा, पिसं भरून आली की मगच परत सोडा.